तीन सत्त्यांचा माज

मंडळी, माईक नीट येतोय ना मागपर्यंत? बरं. विषय आहे पोकरमधले तीन सारखे पत्ते, म्हणजे थ्री ऑफ अ काइंड, आणि ते खेळायचे कसे. पण त्याआधी तिर्रटबद्दल, म्हणजे आपल्या तीन पत्तीबद्दल, बोलावंच लागेल कारण आपलं सगळं बिघडलंय ते तिथेच.

मी नववीत असताना लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामाच्या माडीवर डाव बसायचा, पैसे नाहीत हं, काड्यापेटीच्या काड्या. तर मला एकदा तीन सत्त्या आल्या. ट्रेल, म्हणजे तीन सारखे, तिर्रटमधला सगळ्यात मोठा हात! मी पत्ते बघितले आणि कान लाल झाले, आजी म्हणाली ताप आलाय का रे, आणि तेवढ्यात सगळे पत्ते टाकून पटापट पॅक. हाती काय आलं तर बूटाच्या, म्हणजे डाव सुरू होताना सगळ्यांनी टाकलेल्या, सात काड्या. मामा अजून सांगतो, एवढी मोठी ट्रेल आणि त्यात चूलसुद्धा पेटली नसती.

त्या रात्रीपासून डोक्यात बसलं की तीन सारखे म्हणजे राजेपद. आता माझी जुनी तक्रार ऐका, घरी कोणी ऐकत नाही. तीन पत्त्यांचे एकूण हात होतात 22,100. त्यात ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळीने तीन पानं, 48. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, तरी ट्रेल तिच्या डोक्यावर बसलेली! हा अन्याय कोणी केला, कधी केला, काही पत्ता नाही, पण बायको म्हणते आयुष्यात एवढी एकच गोष्ट तुम्हाला छळत असेल तर सुखी आहात.

असो. तिर्रटमधे ट्रेल साधारण 425 हातांत एकदा. पोकरच्या होल्डेममधे हातात दोन पत्ते, टेबलावर पाच, आणि सातातून उत्तम पाच निवडायचे, तिथे शेवटपर्यंत बसलात तर तीन सारखे साधारण 21 हातांत एकदा होतात. आणि वर बसलेत पाच जण, स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच पानं, फ्लश म्हणजे एकाच रंगाची पाच, फुल हाउस म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, मग चार सारखे, आणि ओळीने शिवाय एकाच रंगाची ती स्ट्रेट फ्लश. राजेपद कुठलं, सरपंचपदसुद्धा नाही.

आणि मी काय केलं? मित्राच्या घरी, इथेही काड्याच, हातात राजा-पंजी, फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, राजा, राजा, दश्शी. कान परत लाल. सगळ्या काड्या पुढे ढकलल्या. समोरचा शांतपणे म्हणाला बघतो, आणि त्याने राजा-एक्का उघडला. पुढची दोन पानं सत्ती आणि दुर्री. दोघांकडे तीन राजे, पण त्याच्या सोबत एक्का आणि दश्शी, माझ्या सोबत दश्शी आणि टेबलावरची सत्ती. माझी पंजी तर मोजायलासुद्धा घेतली नाही हो कोणी! बरोबरी झाली की निकाल लावणाऱ्या या सोबतच्या पानाला किकर म्हणतात, लाथ मारणारा, नाव अगदी बरोबर ठेवलंय.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बापरे, मूळ मुद्दा राहिलाच की, भराभर सांगतो.

तीन सारखे दोन प्रकारे होतात. हातात जोडी आणि तिसरं पान टेबलावर, तो सेट. हातात एक आणि जोडी टेबलावर, ती ट्रिप्स. दिसायला एकच, पण ट्रिप्सची जोडी अख्ख्या गावाला दिसते, तिसरं पान कोणाकडेही असू शकतं आणि किकरची भानगड येते. सेट मात्र दडलेला असतो. टेबलावर राजा, सत्ती, दुर्री, तुमच्या हातात दोन सत्त्या, समोरच्याकडे राजा-एक्का, तो बिचारा आपणहून पैसे आणून देतो. म्हणून सेट लागला की उगाच झाकून बसू नका, बेट करा, म्हणजे पैसे लावा.

पण हातात जोडी असताना फ्लॉपला सेट लागतो साधारण साडेआठात एकदा. म्हणजे छोटी जोडी घेऊन पुढे जायचं तर समोरच्याकडे तुमच्या कॉलच्या, म्हणजे त्याच्या बेटशी बरोबरी करायला तुम्ही घातलेल्या रकमेच्या, पंधरा-वीस पट माल शिल्लक हवा, नाहीतर परवडत नाही. टेबलावर नव्वी-अठ्ठी-सत्ती एकाच रंगाची पडली तर सेट असूनही जरा दबकून. तरी फ्लॉपच्या सेटचं पुढच्या दोन पानांत फुल हाउस किंवा चार सारखे व्हायची शक्यता तिसरा हिस्सा असते, एवढं लक्षात ठेवा.

तीन मिनिटं? एकच गोष्ट, ती सोडणार नाही. 2003, लास वेगास, पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा. ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी, फिल आयव्हीकडे दोन नव्व्या. फ्लॉप राणी, छक्की, राणी. मनीमेकरच्या ट्रिप्स. चौथं पान नव्वी, आयव्हीचं फुल हाउस, आणि त्याने सगळं पुढे केलं. मनीमेकरने कॉल केला, उरलेल्या 44 पानांतली फक्त 7 त्याला वाचवणार होती. आला एक्का! आयव्ही दहाव्या नंबरवर बाहेर, आणि मनीमेकर पुढे विजेता. आता सांगा, पत्ते उघडे पडले तेव्हा मागे होता कोण? मनीमेकरच ना! तो कॉल बरोबर होता की चूक, यावर माझा आणि माझ्या मेव्हण्याचा...

हो हो, उतरतो. पत्ते पिशवीत आहेत, चहाला कोण थांबतंय?