पान पिवळं पडलंय? आधी सांगा, कुठलं पान!

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तेच: "ताई, पान पिवळं पडतंय, काय टाकू?" बस्स, एवढंच.

पुस्तकातला भाग पटकन उरकते. लोह, जस्त, मँगनीज, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल, ही 8 सूक्ष्म अन्नद्रव्यं. लागतात चिमूटभर, पण नसली तर अडतं. मॉलिब्डेनमच नसेल तर झाडाने शोषलेलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) एक रूप, वापराविना तसंच पडून राहतं. झालं.

आता सांगा, पिवळं पान वरचं की खालचं? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात गेलं ते तिथंच ठाण मांडून बसतं, उपाशी राहते ती नवी पालवी. पान पिवळट आणि शिरा हिरव्या, जाळी विणल्यासारख्या.

एकाने लिहिलंय, "खालची पानं पिवळी होती, लोह दिलं, फरक नाही." अहो, खालची म्हणताय ना! मग लोहाचा काय संबंध?

बरं, वरचं पान ओळखलं म्हणजे जिंकलात असंही नाही. माझ्या जास्वंदीचं निदान मी अगदी बरोबर केलं होतं. मूठभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कुंडीत टाकला. आठवड्यात मातीवर तांबूस गंज चढला, पालवी होती तशीच पिवळी. माती चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 8 च्या वर. सामू एकाने वाढला की मातीत विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने घटतं. लोह होतं हो, मुळांना मिळत नव्हतं! त्यात मी रोज बदाबदा पाणी घालायचे. चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की हे दुखणं आणखी वाढतं.

"चिलेटेड वापरलं तर?" म्हणजे दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं, विरघळलेलं राहणारं लोह. वापरा, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ईडीटीए हे असंच धरून ठेवणारं द्रव्य, पण त्यातलं लोह साडेसहाच्या पुढच्या सामूत फारसं टिकत नाही. चुनखडीला ईडीडीएचए हे दुसरं द्रव्य लागतं. त्याचं पाणी लालभडक होतं.

मँगनीजची कमतरताही जवळपास अशीच दिसते. म्हणून खरेदीआधी एक करा. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, साबणाच्या पाण्याचा एक थेंब. उन्हं कलल्यावर ब्रशने एकाच कोवळ्या पिवळ्या पानाला लावा, तेही मधल्या शिरेच्या एकाच बाजूला. आठ-दहा दिवस थांबा. तेवढीच बाजू हिरवी झाली तर लोहच. माझ्या जास्वंदीचं ते अर्धं हिरवं, अर्धं पिवळं पान मी वहीत जपून ठेवलंय.

"सगळीच द्रव्यं एकदम फवारली तर?" नको! बोरॉनची कमतरता आणि बोरॉनची विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. पानांच्या कडा करपल्या की मग मलाच विचाराल.

तर खाली लिहा. पण पहिला शब्द 'वरचं' नाहीतर 'खालचं'. बाकी मग बोलू.