खिळा: जुन्या छापखान्यातला एक शब्द

खिळा म्हटलं की आपल्याला भिंत आठवते, हातोडा आठवतो, फार तर पंक्चर झालेला टायर. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या संपादकाला 'खिळे कमी पडले' असं कुणी सांगितलं असतं तर त्याच्या पोटात गोळाच आला असता, कारण त्याच्यासाठी खिळा म्हणजे अक्षर. शिशाच्या मिश्रधातूचा छोटासा उभा तुकडा आणि त्याच्या डोक्यावर क, ख नाहीतर एखादं जोडाक्षर. हे तुकडे एकेक करून ओळीत लावणारा तो खिळेजुळारी, नुसतं जुळारी म्हटलं तरी चालायचं.

आता हा खिळा जरा जवळून बघा. यावरचं अक्षर उलटं आहे, आरशात दिसतं तसं, छापलं की सुलटं होतं. आणि गंमत म्हणजे ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी जे पहिलं मराठी वृत्तपत्र काढलं त्याचं नाव काय, तर दर्पण! त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी दोन कॉलमात असायचा, म्हणजे दोन लिप्या, दोन्हींचे खिळे वेगळे.

खिळ्याच्या अंगाला इथे एक खाच दिसतेय बघा. जुळारी प्रत्येक अक्षर डोळ्यापाशी नेऊन बघत बसला असता तर अंक पुढच्या महिन्यात निघाला असता, त्यामुळे तो बोटाने ही खाच चाचपायचा आणि खिळा सुलटा आहे की नाही ते कळायचं. इंग्रजीवाल्याचं तसं बरं होतं, सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून डबल. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, म्हणून समोरच्या लाकडी केसमध्ये शेकडो घरं, आणि कुठल्या घरात काय हे पाठ. टिळकांनी तर हे खिळे कमी कसे करता येतील यावर बरंच डोकं लावलं होतं.

टिळकांचं नाव आलंच आहे तर केसरी. १८८१ साली सुरू झाला, छापखाना आर्यभूषण. या छापखान्याची जागा बदलायची वेळ आली तेव्हा टिळक आणि आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः डोक्यावरून वाहून नेल्या असं सांगतात. शिसं किती जड असतं हे ज्याने उचललंय त्यालाच कळेल. पुढे दोघांचं पटेनासं झालं, आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर काय काय लिहिलं गेलं ते वेगळंच प्रकरण आहे, पण मला मात्र आधी त्या पेट्याच आठवतात.

आणि चुका! घाईत एखादा खिळा राहून जायचा, कधी छापताना निसटायचा. काना हा वेगळा खिळा, तो पडला की पुढाऱ्याच्या 'भाषणा'चं थेट 'भषण' होणार, आणि भषण म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. दोष कुणाचा? तर मुद्राराक्षसाचा. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचं नाव बिचारं, त्याचा छापखान्याशी काही संबंध नाही, पण मराठी पत्रकारांनी ते उचललं आणि सगळ्या चुका त्या राक्षसाच्या नावावर खपवल्या. मला वाटतं संपादक आणि जुळारी यांच्यातली बरीच भांडणं या राक्षसानेच वाचवली असतील.

अंक छापून झाला की काम संपलं असंही नाही. खिळे रॉकेलने पुसायचे आणि एकेक सुटा करून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा, कारण पुढच्या अंकासाठी हेच खिळे लागणार. काल ज्या 'म'ने कुणाच्या मरणाची बातमी छापली तोच 'म' उद्या मंगलकार्याच्या जाहिरातीत.

मग खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट आलं, संगणकावर मजकूर जुळवणारं डीटीपी आलं, आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले, वितळवले गेले. आता एखाद्या पोराला खिळेजुळारी म्हणजे कोण विचारलं तर तो सुतार सांगेल.