नाडीच्या लाटेचा वेग

पडद्यावर उसळतेय ती नाडीची लाट. पेनासारखा हा प्रोब आधी मानेवर टेकवला, आता जांघेत. मधलं अंतर टेपनं मोजलंय, ठोक्याची वेळ ईसीजी सांगतोय. अंतराला वेळेनं भागलं, की लाटेचा वेग निघतो. रक्त मागून सावकाश येतं, लाट पुढे धावते. सुई नाही, रक्त काढणं नाही. तरुण, लवचिक महाधमनीत ही लाट सेकंदाला साधारण ५ ते ६ मीटर जाते. नळी कडक झाली, की लाट आणखी जोरात धावते. इथे आकडा १० च्या पुढे गेलाय. कॉटवरच्या या माणसाची चाळिशी अजून यायची आहे.

एकाच पंपाला आता दोन नळ्या जोडल्यात. मऊ रबराच्या नळीतून पाणी जवळजवळ सलग येतंय, कडक नळीतून पिचकारीसारखं, झटक्याझटक्यानं. महाधमनी ही मऊ नळी. ठोक्यासरशी फुगते, मग आवळते, झटका स्वतःत जिरवते. ही लवचिकता इलास्टिनच्या धाग्यांची. शरीर ते बहुतेक जन्माच्या आसपास आणि बालपणातच विणतं. पुढे तुटले, तर तसे पुन्हा विणले जात नाहीत. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडतं. रक्तदाब वाढलेला असेल तर दर ठोक्याला ताण जास्त. धागे तुटतात, कोलॅजेन हे प्रथिन वाढतं, आणि ते फारसं ताणलं जात नाही. म्हातारपणीचा कडकपणा ऐन तारुण्यात येतो.

सूक्ष्मदर्शकाखालचा हा गुलाबी पुंजका म्हणजे मूत्रपिंडातली गाळणी. एका मूत्रपिंडात अशा सुमारे १० लाख. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे येतो. एवढं रक्त यायचं म्हणून इथल्या वाटा मोकळ्या असतात; महाधमनीत न जिरलेला झटकाही त्याच वाटेनं आत शिरतो. शेजारच्या काचेवर तसाच पुंजका आहे, आक्रसलेला.

त्याआधी गाळणी गळू लागते. अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, तेही बरेचदा ठीक येतं, कारण उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम ओढतात. म्हणून ही छोटी बाटली. लघवीत क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर तपासणी पुन्हा करायची, आणि तसंच राहिलं तर उपचार बदलायचे. बीपीचं निदान होताच ही तपासणी व्हायलाच हवी, आणि नंतरही ठरावीक काळानं. दंडाला पट्टा सगळेच बांधतात, बाटली मात्र फार थोड्यांच्या हातात पडते.

पुढे हृदयविकार, पक्षाघात, डायलिसिस.

दंडावरचा पट्टा सुटला. तो माणूस कॉटवरून उठला, बाटलीवर चिकटवलेलं स्वतःचं नाव त्यानं एकदा वाचलं.