पोटच्या पोराचं नाव ‘दगड’ का ठेवायचे?

नमस्कार मंडळी. आज एकाच नावाबद्दल बोलायचंय: धोंडू. कुणी धोंडो म्हणतं, कुणी धोंडिबा. अलीकडच्या एखाद्या बारशाला ऐकलंय तुम्ही हे नाव? मी तरी नाही. पण घरातले जमिनीचे जुने कागद काढून बघा, ‘रामा बिन धोंडी’, म्हणजे धोंडीचा मुलगा रामा, असं कुणीतरी सापडेल.

धोंडा म्हणजे दगड. मग लेकराला दगड का म्हणायचं? कारण त्याच्या आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असायची. देवीची साथ यायची, पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ यायची, पाळणा रिकामा व्हायचा. मग पुढचं मूल झालं की आईबाप ते मरणापासून लपवायचे. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीने उचलायचं. आणि आईने मूठभर कोंडा देऊन आपलंच बाळ तिच्याकडून विकत घ्यायचं! म्हणजे हे आमचं नाहीच, टाकलेलं आहे, याच्याकडे बघूसुद्धा नकोस. केरू, दगडू, उकिर्डा, भिकू, कोंडू ही सगळी त्याच धास्तीची नावं. नाक टोचून मुलाला मुलगी भासवलं, की तो नथू. या नावांना कुणी हसलं ना, की माझ्या पोटात तुटतं.

प्रत्येक धोंडूमागे असं दुःख असतंच असं नाही, बरं का. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. ही तूट भरायला साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना येतो. तोच धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात तो. त्यात मुलगा झाला तर धोंडू, मुलगी झाली तर धोंडाबाई.

धुंडिराज मात्र वेगळं, ते गणपतीचं नाव. दादासाहेब फाळके धुंडिराज होते.

धोंडो नावाची माणसं काही लहान नव्हती. 1857 चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे! जन्म 1858 चा. विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं आणि 1962 मध्ये, 104 वर्षांचे होऊन गेले. दगडासारखं टिकणं म्हणजे आणखी काय असतं?

तुमच्या घराण्यात कुणी धोंडू असेल, तर आजीला एकदा विचारा: त्याच्या आधी त्या पाळण्यात किती जण होते?