बाकी उरली की झटका

[पडदाभर जुनी मूक चित्रफीत. रस्त्यावरून माणसं लगबगीनं चालताहेत.]

ही माणसं घाईत नाहीत. कॅमेरामन हातानं दांडा फिरवायचा, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं टिपायचा. आपण ती २४च्या वेगानं दाखवतो, म्हणून ही तुरुतुरु चाल. बोलपट आले तेव्हा २४ हा आकडा पक्का झाला. वेग डळमळला की आवाजही डळमळतो, आणि डोळा खपवून घेतो ते कान खपवून घेत नाही.

टीव्हीनं विजेचा ताल धरला. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं घेणाऱ्या विजेच्या देशांत सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), ६० हर्ट्झच्या देशांत ३०. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून ३०चे २९.९७ झाले. तो अपूर्णांक एडिटरच्या मानगुटीवरून अजून उतरलेला नाही.

[एडिटिंगची टाइमलाइन. एकाखाली एक तीन शॉट.]

ही टाइमलाइन, म्हणजे शॉट ओळीनं मांडायची पट्टी, सेकंदाला २५ फ्रेमची. तिच्यावर ३०चा शॉट ठेवला, तर सेकंदाला पाच फ्रेम जास्त होतात. सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम गाळतं. समोर कुणी बसून बोलत असेल तर कळणारही नाही. पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला, की ही भिंत बघा, सेकंदात पाच वेळा अडखळते.

२४च्या शॉटचं उलटं. तिथे एक फ्रेम कमी पडते, म्हणून सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते. मला विचाराल तर त्या पाच झटक्यांपेक्षा हा एकच जास्त खुपतो. एकदा दिसला की डोळा पुढच्याची वाट बघत बसतो.

५०चा शॉट मात्र अलगद बसतो. एक फ्रेम घ्यायची, एक सोडायची. निःशेष भाग जातो. बाकी उरली, तर ती पडद्यावर दिसतेच.

[शॉट थांबतो. हाताची बोटं, जवळून.]

बाकी लपवता येते. दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या तर झटका मऊ होतो, पण कडा दुहेरी, भुतासारख्या दिसतात. ऑप्टिकल फ्लो त्याहून हुशार. कुठला ठिपका कुठे सरकला हे ताडून ते मधली फ्रेम नव्यानं रचतं. मोकळ्या आकाशातल्या पक्ष्यावर झकास चालतं. इथे मात्र बोटं एकमेकांसमोरून गेली आणि वितळून चिकटली. म्हणून हा उपाय सरसकट नको, एकेका शॉटपुरता.

सर्वांत जुना उपाय सर्वांत सरळ: २४चं अख्खं चित्रण २५च्या वेगानं पळवायचं. तासाभराचा चित्रपट ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. झटका नाही, फक्त आवाज किंचित चढतो. २५च्या देशांत टीव्हीवर कित्येक वर्षं चित्रपट असेच दाखवले गेले.

[मोबाइलवर मुलाखत. ओठ आणि आवाज यांत फट.]

मोबाइलची गोष्ट निराळी. पाटीवर ३० लिहिलेलं असतं, पण अंधुक उजेडात बरेच फोन मध्येच फ्रेम कमी करतात. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले, दहाव्या मिनिटाला शब्द एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. क्लिप कापून, सरकवून हे निस्तरत बसलात तर रात्र जाईल. ती फाइल आधी एकसारख्या फ्रेम रेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला ठरावीकच फ्रेम राहतील अशी, बदलून घ्यायची, मगच टाइमलाइनवर आणायची.