नसलेलं कपाट

[काळोख. शिडी सरकल्याचा आवाज. मग पिवळा दिवा.]

शिडी लोखंडी आहे. तिची एक पायरी ढिली आहे, आणि ती कितवी ते इथलं वाचनालय सांभाळणाऱ्या काकांच्या पायांना पाठ आहे.

पुण्याच्या एका पेठेतलं हे वाचनालय. खाली काउंटर, मासिकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे. वर ही खोली. वर्गणीदारांना इथे सोडत नाहीत. आम्हाला सोडलं, ते एकही पुस्तक जागचं हलवायचं नाही या अटीवर.

[काउंटर. पाठीला सॅक लावलेली मुलगी.]

खरं तर आम्ही पुस्तकबांधणीवर लघुपट करायला आलो होतो. दुसऱ्या दिवशी अकरावीतली ही मुलगी आली आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "काका, मराठीत फँटसी आहे का हो? हॅरी पॉटरचं मराठी सोडून."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे अद्भुतच ना गं? आहे की, पुष्कळ आहे. फक्त एका कपाटात नाही. थांब जरा."

कॅमेरा चालू होता, हे आमचं नशीब.

[कपाटांवरच्या पाट्या, एकामागून एक.]

ऐतिहासिक. सामाजिक. कौटुंबिक. भय-रहस्य. विज्ञान. अनुवादित. बाल. अद्भुत अशी पाटी कुठेच नाही. त्यामुळे जे अद्भुत आहे ते जागा मिळेल तिथे जाऊन बसलंय, आणि "आपल्याकडे हे लिहिलंच गेलं नाही" असं म्हणायला आपण मोकळे.

[काकांचा हात. पाठ सुटलेलं जाड पुस्तक.]

पहिलं निघालं ते 'वीरधवल'. नाथमाधवांची १९१३ ची कादंबरी. पाठ पूर्ण सुटलेली, पहिली पानं हातात येणारी. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीकडे बघा. वरचे शिक्के एकमेकांना खेटून आहेत, एक वाचक परत करतोय तोवर दुसरा दारात उभा. मग तारखांमधलं अंतर वाढत जातं. मग नुसत्या रेघा.

पुस्तक वाचकाच्या आधी बांधणीवाल्याकडे गेलं.

[मांडी घालून बसलेला माणूस. पुढ्यात फळी, दाभण, पातेलं.]

पातेल्यात खळ आहे. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचा, चकाकी आली की उतरवायचा. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. तयार गोंदाची बाटली त्याच्याकडे आहे, कोपऱ्यात, झाकण न उघडलेली. विचारलं तर म्हणाला, "गोंदानं कागद आखडतो. खळ ऐकते."

आता तो पुस्तक उसवतोय. जुना दोरा कापायचा नाही, ओढून काढायचा, नाहीतर कागद फाटतो. एकेक जुज वेगळा झाला. जुज म्हणजे दुमडलेल्या पानांची एक घडी. घडीच्या कण्यावर जिथे पान विरलंय तिथे पातळ कागदाची पट्टी. मग पुन्हा शिवण: दाभणानं भोक, सुई आत, सुई बाहेर, आधीच्या जुजाला गाठ, पुढचा जुज. ही जुजबंदी. अशी शिवलेली वही उघडून टेबलावर ठेवली तर ठेवलेली राहते, मिटत नाही. हल्ली नुसती पाठ चिकटवतात. अशी पुस्तकं दोन्ही हातांनी दाबून धरावी लागतात, जेवताना वाचता येत नाहीत.

[कडेला कापणारी सुरी. कागदाची बारीक चळत खाली.]

कडा कापताना तो कमीत कमी कापतो. आधीच्या कुणीतरी हात सैल सोडला होता. म्हणून उजवीकडच्या पानांवर ओळीची शेवटची अक्षरं सुरीखाली गेलीत. 'राजकन्ये' असावं तिथे 'राजक' एवढंच दिसतं.

[सिंहगडाचा कडा. धुकं.]

हा कडा आम्ही मुद्दाम जाऊन टिपला. धुकं उठायची वाट बघत चार तास बसलो. उठलं नाही, तेच बरं झालं. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. १९०५ साली ते सिंहगडावर शिकारीला गेले आणि कड्यावरून पडले. वय तेवीसच्या आसपास. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणावर वाचनाचा नाद लागला, वाचता वाचता लेखणी हातात आली. ज्याला खोलीबाहेर जायला चार हात लागत, त्यानं घोडदौडी, भुयारं आणि कड्यांवरच्या झुंजी लिहिल्या. 'वीरधवल' आलं तेव्हा त्या पडण्याला आठ वर्षं झाली होती.

माझं ऐकाल तर यातली लांबलचक भाषणं खुशाल ओलांडा. योगायोगही जरा जास्तच आहेत. पण प्रकरण अशा जागी संपतं की पान उलटावंच लागतं.

[पुन्हा शिडी. वरचा कप्पा, काच नसलेलं कपाट.]

त्याच्याही आधीचं वरच्या कप्प्यात आहे. काका खाली देत नाहीत. कागद इतका कडक झालाय की दुमडला तर तुटतो. 'मंजुघोषा', नारो सदाशिव रिसबूड, १८६८. पुढे मोठे कादंबरीकार झालेले हरिभाऊ आपटे तेव्हा चार वर्षांचे होते.

रिसबुडांची प्रस्तावना मला या अख्ख्या खोलीतली सगळ्यात गमतीची चीज वाटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लग्नाच्या रीती आणि एकूण राहणी अशी की आपल्या आयुष्यात धड मजेदार दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत. रोजचं लिहावं तर वाचणाऱ्याला त्यात गंमत वाटायची नाही. म्हणून मनोरंजन करायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे.

म्हणजे बघा, १८६८ साली अद्भुत ही मराठी कादंबरीची सक्तीची वाट होती. त्याआधी सात वर्षं, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' याच वाटेनं येऊन गेली होती. पुढे हरिभाऊंनी रोजच्या जगण्यातच कादंबरी सापडते हे दाखवलं, आणि ते छानच झालं. पण तेव्हापासून अद्भुत लिहिणाऱ्याकडे आपण जरा नाक मुरडूनच बघतो.

[टेबलावर दोन चळती. एक ठेंगणी, एक उंच.]

ही ठेंगणी चळत 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलं, पुढचं काम विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी केलं. एखाद्या भानगडीची बातमी देताना आजही आपण "सुरस आणि चमत्कारिक" म्हणतो, तो शब्दप्रयोग आठवा. उंच चळत गौरी देशपांड्यांची: रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अनुवादावरून केलेले 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड. घरात मुलं असतील तर चिपळूणकर खालच्या फळीवर आणि देशपांडे वरच्या. काकांनीही तसंच ठेवलंय. मुलीनं उंच चळतीकडे हात नेला तेव्हा त्यांनी फक्त खाकरून घेतलं. ते पडद्यावर आहे.

[पुस्तकाचं पान, जवळून. बोट ओळीवरून सरकतंय.]

आता जी. ए. कुलकर्णी. ते कपाटात 'कथा' या पाटीखाली आहेत, म्हणजे शोधणाऱ्याला सापडायचे नाहीत. 'रमलखुणा', १९७५. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगायची विद्या. पुस्तकात दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. नकाशात नसलेलं जग, कुठल्याच भाषेत नसलेली नावं, आणि तळटीप एकही नाही. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसानं हे मराठीत लिहिलं. तोंडओळखीसाठी मात्र ते घेऊ नका. आधी दुसरं काही वाचा, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी 'इस्किलार' घ्या आणि निम्म्यावर उठू नका. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर त्याच जी. एं.ची 'बखर बिम्मची' आणा. तोच माणूस, पण इथे हातात लहान पोराचं बोट धरलेलं.

[भय-रहस्य कपाट. फाटकी, चिकटपट्ट्या लावलेली पुस्तकं.]

सगळ्यात जास्त हाताळलेली पुस्तकं ही. नारायण धारप. 'तुंबाड' चित्रपट २०१८ साली आला आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्यानंतर कॉलेजची मुलं काउंटरवर येऊन "तुंबाडवाले धारप" मागतात. काका आधी दुरुस्त करतात, तुंबाड हे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतलं, धारपांची आहे ती कथेची प्रेरणा. मग पुस्तक देतात. सुरुवात 'समर्थ' कथांनी करा. त्यांत समर्थांच्या सोबतीला आप्पा जोशींसारखा साधा माणूस असतो, म्हणून अमानवी काही समोर आलं तरी त्याच्या आडून बघता येतं.

[अनुवादित. तीन जाड खंड.]

आणि बाहेरून आलेल्यांत 'स्वामी मुद्रिकांचा'. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिकांनी केलेला अनुवाद. टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. त्यानं आधी भाषा रचल्या आणि त्या बोलायला कुणी हवं म्हणून गोष्ट रचली. असल्या पुस्तकात अनुवादकाला प्रत्येक नावापाशी थांबावं लागतं. मूळ इंग्रजी वाचलेलं असलं तरी पाच पानं मोठ्यानं वाचून बघा.

[रिकामी फळी. धुळीत पुस्तकांचे चौकोन.]

ही फळी गेल्या वर्षी रिकामी झाली. ओल आली होती, पुस्तकं रद्दीत गेली. या मजल्याचं पुढे काय, ते अजून ठरायचंय.

[काउंटर. पाच पुस्तकं ओळीत.]

एका वर्गणीत दोनच पुस्तकं मिळतात. मुलगी उभी. काका काही सुचवत नाहीत. पेनाचं टोपण काढून थांबलेत.

[निवेदन नाही. बावीस सेकंद.]

धारप घेतले. 'रमलखुणा' घेतलं. काकांनी 'रमलखुणा'वर बोट ठेवून विचारलं, "हे आत्ताच?" ती म्हणाली, "हो." त्यांनी नोंद केली.

"आणि ते सुटलेलं?"

"वीरधवल शिकंज्यात दाबून ठेवलंय. वाळायला दोन दिवस लागतील. मंगळवारी ये."

[शिकंज्याचा स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरतो. दिवा बंद.]