पडद्यावरचा पिवळा

[मोबाइलवर हापूस आंब्याचा फोटो. पडद्यावर पाण्याचा थेंब पडतो.]

मोबाइलवर पिकल्या हापूसचा फोटो उघडा आणि त्यावर पाण्याचा बारीकसा थेंब सोडा. थेंबाचं भिंग होतं. त्यातून नीट बघा. तांबडे आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी उजळलेत, निळे मंदावलेत. पिवळा कुठेच नाही. या पडद्यात पिवळा दिवाच नसतो.

[रंगपेटी, ब्रश, पाण्याची वाटी.]

पण शाळेत तर आपण घोकलंय: तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग. आणि रंगपेटीतल्या तांबड्यात हिरवा कालवून बघा, मातकट तपकिरीच होणार.

रंगपेटीतला रंग स्वतःचा उजेड देत नाही. खिडकीतून आलेल्या पांढऱ्या उजेडातला निळा भाग पिवळा रंग गिळतो. निळा रंग तांबडा भाग गिळतो. दोन्ही कालवले की दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. जितके रंग मिसळाल तितका उजेड कमी. ब्रश धुतलेलं पाणी शेवटी काळपट होतं ते त्यामुळेच. दिव्यांचं नेमकं उलट. एका उजेडात दुसरा मिसळला की भर पडते, आणि तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही मिळून पांढरा होतो. हा फरक जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये उलगडून दाखवला.

[वर्तमानपत्राच्या कडेचे चार रंगीत ठिपके.]

शाळेतली यादीही थोडी दुरुस्त करायला हवी. छापखान्यात विचारा. तिथे तांबडा-निळा नाही, सायन (हिरवट निळा) आणि मजेंटा (जांभळट गुलाबी) लागतात. सोबत पिवळा आणि काळा. तांबडी शाई हिरवा आणि निळा असे दोन्ही भाग खाते, मग मिश्रणात उरणार काय? मजेंटा फक्त हिरवा खातो. म्हणूनच पेटीतल्या तांबड्या-निळ्यापासून झकास जांभळा करताना मुलं रडकुंडीला येतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

[अंधारलेलं सभागृह. तीन प्रक्षेपक.]

१७ मे १८६१, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी चौकड्यांच्या स्कॉटिश फितीचे तीन फोटो काढवून घेतले होते: तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकेक. फोटो तिन्ही काळे-पांढरेच. त्याच रंगांच्या गाळण्या लावून ते एकावर एक पाडले आणि पडद्यावर रंगीत फीत उमटली! गंमत म्हणजे त्या काळी फोटो ज्या काचांवर काढत, त्यांवर तांबडा उजेड उमटतच नसे. मग तांबडा आला कुठून? शंभर वर्षांनी उलगडा झाला: फितीचा तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतवत होता, आणि ते तांबड्या गाळणीतून निसटून काचेवर उमटले होते.

[डोळ्याचं जवळून दृश्य. मग खिडकीत पक्षी.]

पण तीनच रंग का पुरतात? कारण उजेडात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. आपल्याकडे रंग टिपणाऱ्या पेशी, म्हणजे शंकुपेशी, तीन प्रकारच्या. खऱ्या पिवळ्या उजेडाने त्यातल्या दोन जशा चाळवतात, तशाच त्या तांबडा-हिरवा एकत्र आल्यानेही चाळवतात. मेंदूला दोन्ही पिवळेच.

दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांकडे अशा पेशी चार प्रकारच्या असतात. मोबाइलचा पडदा माणसाच्या डोळ्यांच्या मापाने बेतलेला आहे. झाडावरचा आंबा आणि मोबाइलमधला आंबा, आपल्याला दोन्ही सारखेच पिवळे. खिडकीतल्या त्या पक्ष्याला ते दोन वेगळे रंग दिसत असणार.